स्वतंत्र शाळा आणि तपासणीचा अधिकार



ज्या हुतात्म्याच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहो, त्या विठ्ठल लक्ष्मण कोतवालांचे, म्हणजे या कर्जत-खालापूर मुलखाच्या भाई कोतवालांचे नाव निघाले की सिद्धगडाचे रान, त्यांच्या आझाद दस्त्याने पाडलेले विजेचे मनोरे आणि २ जानेवारी १९४३ चा तो हौतात्म्याचा दिवस आपल्या मनश्चक्षूंपुढे उभा राहतो, आणि तो तसा राहावा हेच योग्य आहे. परंतु त्या दिवसापूर्वी जे आयुष्य भाई जगले, त्यातील एका कार्याकडे मला आज आपले लक्ष वेधावयाचे आहे. माथेरानातील एका नाभिक कुटुंबात १९१२ साली जन्मलेल्या, कायद्याची पदवी घेतलेल्या आणि माथेरानच्या नगरपालिकेचा कारभार स्वतः चालवून पाहिलेल्या या तरुणाने डोंगराच्या पायथ्याशी कर्जाच्या आणि खंडाच्या ओझ्याखाली दबलेल्या शेतकऱ्यांकरिता एकीकडे धान्यकोठ्या उभ्या केल्या आणि दुसरीकडे स्वयंसेवकांच्या बळावर गावोगावी शाळा चालविल्या. कुळाच्या घरात धान्य आणि अक्षर ही दोन्ही एकाच वेळी पोहोचली पाहिजेत, ही त्यांची दृष्टी मला फार मोलाची वाटते.

या शाळा, आजच्या परिभाषेत बोलावयाचे तर, स्वतंत्र शाळा होत्या. त्या शाळाखात्याच्या आज्ञेने निघाल्या नव्हत्या. तरीही त्या निरंकुश होत्या असे म्हणता येणार नाही. कारण ज्यांच्यासाठी त्या चालत, ते शेतकरी तेथेच बसत, शिकविणारा आला की नाही हे त्यांना दिसे, आणि शिकविलेले समजले की नाही हेही त्यांनाच कळे. शाळेचे स्वातंत्र्य आणि शाळेचे उत्तरदायित्व या दोन गोष्टी परस्परविरोधी आहेत, असे गृहीत धरून हल्ली जो वाद चालतो, तो भाईंच्या शाळांना लागू पडत नाही. खाजगी व स्वयंअर्थसहाय्यित शाळांचे नियमन कोणी करावे, त्यांची तपासणी कशी व्हावी आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सुचविलेल्या नव्या व्यवस्थेकडून आपण काय मागावे, या प्रश्नांचा विचार मी त्यामुळे या मुलखाच्या भूमीवरून करणार आहे.

ही भूमी गेल्या एका पिढीत किती पालटली हे आपणांस सांगण्याची गरज नाही. भाताची खाचरे जाऊन तेथे मुंबईकरांची दुसरी घरे आली, खालापूरच्या हद्दीतून द्रुतगती मार्ग गेला, आणि वांगणी, शेलू, नेरळ, भिवपुरी या स्थानकांभोवती लोकलच्या वेळापत्रकावर जगणारी नवी वस्ती वाढली. त्या वस्तीबरोबर शाळांचे थरही वाढले. वाड्यावस्त्यांवर जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. पेणच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखाली पाथरज, भालिवडी, डोलवली अशा ठिकाणच्या आश्रमशाळा आहेत. कर्जतचे अभिनव ज्ञान मंदिर, नेरळचे विद्या मंदिर, खोपोलीचे जनता विद्यालय अशा, स्थानिक मंडळींनी उभारलेल्या शाळा आहेत. आणि या सर्वांच्या पलीकडे तो थर आहे ज्याविषयी आज मुख्यतः बोलावयाचे आहे: भाड्याच्या दुमजली इमारतीत चालणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेपासून डोंगराच्या कुशीत विस्तीर्ण आवार घेऊन बसलेल्या निवासी ‘इंटरनॅशनल’ शाळेपर्यंत पसरलेला, पूर्णतः पालकांच्या फीवर चालणारा थर. वाडीवरचा मजूर बापसुद्धा पोटाला चिमटा घेऊन मुलाला पिवळ्या व्हॅनमध्ये बसवितो, आणि ती व्हॅन जेथे थांबते तेथे काय चालते हे पाहण्याची त्याची ऐपत, फुरसत किंवा हिंमत बहुधा नसते. ते पाहण्याचे काम त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी तरी करावे, या गरजेतूनच तपासणी ही संस्था जन्मास आली आहे.

आपल्या देशात ती आली १८५४ च्या वुडच्या खलित्याबरोबर. खाजगी शाळांना सरकारी अनुदान द्यावे, आणि ज्या शाळा अनुदान घेतील त्यांनी सरकारी तपासणी मान्य करावी, असा तो सौदा होता. मुंबई इलाख्यात पुढच्याच वर्षी स्वतंत्र शिक्षणखाते निघाले, आणि घोड्यावरून किंवा बैलगाडीतून गावोगाव फिरणारा डेप्युटी इन्स्पेक्टर, ज्याला खेड्यातील लोक ‘दिपोटी’ म्हणत, हा मराठी मुलांच्या बालपणातील एक भयप्रद आणि काहीसा अद्‌भुत पुरुष होऊन बसला. कर्जत तालुका त्या काळी ठाणे जिल्ह्यात मोडे आणि खालापूर हा त्याचा पेटा होता. दिपोटी येणार अशी वार्ता आली की शाळा सारवली जाई, हजेरीपट नीट केला जाई, चार हुशार पोरे पुढे बसविली जात. साहेब वाचन घेत, उदाहरण घालीत, शेरेपुस्तकात चार ओळी लिहीत आणि निघून जात. उरलेले वर्ष शाळा आपल्या पूर्वीच्या गतीने चाले.

या व्यवस्थेचे मर्म ज्या पुरुषाने सर्वांत स्पष्टपणे ओळखले, तो म्हणजे महात्मा जोतीराव फुले. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन सादर केले, त्याचा उल्लेख आपण प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा या मागणीकरिता नेहमी करतो; परंतु त्याच निवेदनात शाळातपासणीविषयी त्यांनी जे सांगितले, त्याकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि मला तर ते आजच्या कोणत्याही शासननिर्णयाहून अधिक व्यवहार्य वाटते. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की, प्राथमिक शाळांवरील देखरेख अपुरी व सदोष आहे. डेप्युटी इन्स्पेक्टरने वर्षातून एकदा यावे याने काही साधत नाही. तपासणी निदान तिमाही व्हावी. शिवाय अधूनमधून कसलीही आगाऊ सूचना न देता शाळांना भेटी द्याव्यात. आणि जिल्ह्यातील वा गावातील इतर सरकारी अधिकाऱ्यांवर हे काम सोपवून भागणार नाही, कारण त्यांच्यामागे नाना कामांचा व्याप असल्यामुळे ते क्वचितच फिरकतात, आणि फिरकले तरी त्यांची पाहणी वरवरची होते. केवळ निकालावर अनुदान मोजण्याची जी पद्धत तेव्हा प्रचारात होती, ती गरीब व अशिक्षित समाजात शिक्षण पसरविण्यास निरुपयोगी आहे, हेही त्यांनी तेथे निक्षून सांगितले. कारण अशा लोकांत स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढून पोट भरण्यास कोणी पंतोजी धजणार नाही.

ज्या माणसाने १८४८ साली स्वतः शाळा काढली, त्याच्या लेखणीतून हे आले आहे, हे आपण ध्यानात घ्यावे. खाजगी प्रयत्नाचा कैवारी म्हणून फुल्यांना तपासणी नको होती असे नव्हे. त्यांना ती अधिक हवी होती, पण ती खरी हवी होती. वारंवारता, अनपेक्षितपणा आणि त्याच एका कामाला वाहिलेला अधिकारी, या त्यांच्या अपेक्षा जवळजवळ दीडशे वर्षांनंतरही या तालुक्यांत पूर्ण झालेल्या नाहीत, याची खंत मला बोलून दाखविली पाहिजे.

परंतु इतिहास एवढाच धडा देऊन थांबत नाही. बोरघाट चढून वर गेले की थोड्याच अंतरावर तळेगाव दाभाडे लागते. स्वदेशीच्या चळवळीच्या वर्षांत प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांनी तेथे समर्थ विद्यालय चालविले. मातृभाषेतून शिक्षण, हस्तव्यवसाय, स्वदेशाचा अभिमान, आणि सरकारी अनुदानाचा व सरकारी परीक्षांचा त्याग, अशी त्या विद्यालयाची घडण होती. विजापूरकरांना ‘विश्ववृत्त’ मासिकातील लेखावरून झालेल्या खटल्यात कारावास भोगावा लागला, आणि १९१० साली सरकारने ते विद्यालयच बंद पाडले. शिक्षण वाईट होते म्हणून नव्हे. तेथील मुले काय विचार करतील या भयाने. ज्या राज्यसत्तेच्या हाती शाळेला परवाना देण्याचा, शाळा तपासण्याचा आणि शाळा मिटविण्याचा असे तिन्ही अधिकार एकवटतात, ती सत्ता परकी असो की स्वकीय, तिच्या त्या अधिकाराला कोठे तरी मर्यादा असलीच पाहिजे, हे तळेगावने आपल्याला शिकविले आहे.

आता वर्तमानाकडे येऊ. खाजगी शाळांविषयी आपल्याकडे कायद्यांचा तुटवडा नाही. शिक्षकांच्या सेवाशर्तींसाठी १९७७ चा अधिनियम आहे आणि त्याखालील १९८१ ची नियमावली आहे. देणग्यांच्या लुटीला आळा घालण्यासाठी १९८७ चा अधिनियम आहे. फी ठरविण्यासाठी २०११ चा अधिनियम आहे. आणि कोणत्याही अनुदानाविना नव्या शाळा काढण्यास वाट मोकळी करणारा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा २०१२ चा अधिनियम आहे. या सर्वांवर १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेला बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा केंद्रीय कायदा आहे, ज्याच्या अठराव्या कलमान्वये मान्यतेवाचून शाळा चालविणे हा एक लाख रुपयांपर्यंत दंडास पात्र असलेला गुन्हा आहे. टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या खटल्यात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांच्या पीठाने विनाअनुदानित संस्थांचे स्वातंत्र्य मान्य केले, वाजवी शिल्लक ठेवण्यास मुभा दिली, परंतु नफेखोरी व कॅपिटेशन फी यांना मज्जाव केला. तत्त्व निश्चित आहे. नियम छापलेले आहेत. न्यून आहे ते नियम आणि वर्गखोली यांच्यामधल्या अंतरात.

हे अंतर कसे पडते? शाळा काढताना प्रस्ताव जातो, जागेचे कागद जातात, मंजुरी येते. शिक्षणहक्क कायद्याखालची मान्यता, जिला शाळेच्या कचेरीत ‘नमुना दोन’ म्हणतात, ती दर तीन वर्षांनी नूतन करून घ्यावयाची असते. आणि तिचा पाया असतो शाळेने स्वतःच भरून दिलेले घोषणापत्र. त्याची रुजुवात कोणी करावयाची? पंचायत समितीतील गटशिक्षणाधिकारी, त्यांच्या हाताखालील शिक्षण विस्तार अधिकारी आणि केंद्रप्रमुख यांनी. या पदांपैकी कित्येक राज्यभर दीर्घकाळ रिक्त राहतात, आणि जी भरलेली आहेत त्यांच्या डोक्यावर पोषण आहाराचे हिशेब, यूडायस या शाळांच्या नोंदप्रणालीची माहिती, प्रशिक्षणे, निवडणुकीची कामे आणि वरून रोज येणारे तातडीचे पत्र यांचा भार असतो. फुल्यांनी ज्या ‘नाना कामांच्या व्यापा’ची तक्रार केली होती, तो व्याप आता खुद्द शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्यांच्याच गळ्यात पडला आहे. माध्यमिक शाळांची दप्तरे जिल्ह्याच्या मुख्यालयी, अलिबागला. आणि कर्जतच्या उत्तर टोकाच्या वाडीपासून अलिबाग किती दूर आहे, हे ज्याला एका सहीसाठी तेथे जावे लागले आहे तोच जाणे. अधिकाऱ्यांवर दोष टाकण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्यातील कित्येकांना मी वाडीवर पायी चढून जाताना पाहिले आहे. पण व्यवस्थाच अशी रचली आहे की, जो सद्‌हेतूने काम करू इच्छितो त्यालाही कागद तपासून समाधान मानावे लागते.

कागद म्हणजे शाळा नव्हे, हे आपल्याला ऑगस्ट २०२४ मध्ये फार क्रूर रीतीने कळले. आपल्याच रेल्वेमार्गावरील बदलापुरात, एका शाळेत, बालवर्गातील दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. २० ऑगस्ट रोजी संतप्त जमाव रुळांवर उतरला आणि कर्जतच्या गाड्या कित्येक तास थांबल्या. त्यानंतर शासनाने सीसीटीव्ही कॅमेरे, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती यांविषयी कडक हुकूम काढले. ते आवश्यकच होते. परंतु सखी सावित्री समिती स्थापन करण्याचा आदेश तर मार्च २०२२ मध्येच निघालेला होता! हुकूम आणि अंमल यांच्यात अडीच वर्षांचे अंतर पडले, आणि त्याची किंमत मोठ्या माणसांनी मोजली नाही. आणखी एक गोष्ट मला येथे मुद्दाम सांगावयाची आहे. शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या बालकांचा आहे. तीन ते सहा वर्षांच्या वयाची मुले ज्या खाजगी बालवाड्यांत, नर्सरीत, प्लेग्रुपात जातात, त्यांवर परवान्याचे वा तपासणीचे कोणतेही खरे बंधन वर्षानुवर्षे नव्हते. दुकानाचा गाळा घ्यावा, भिंतीवर ससा आणि हत्ती रंगवावे, आणि शाळा सुरू करावी, एवढे ते सोपे होते. अशा बालवाड्यांची नोंदणी करण्यासाठी शासनाने २०२५ साली पोर्टल उघडले. नोंदणी हा आरंभ आहे, तपासणी नव्हे. आणि जे मूल घडलेले सांगूही शकत नाही, त्याच्या शाळेचे दार तपासनीसाने सर्वांत आधी ठोठावले पाहिजे, अशी माझी ठाम समजूत आहे.

या पार्श्वभूमीवर २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील आठव्या प्रकरणाकडे पाहावे. त्या प्रकरणाने एक गोष्ट प्रांजळपणे कबूल केली आहे: प्रचलित नियमनाला खाजगी शाळांतील बाजारूपणा आणि पालकांची पिळवणूक रोखता आली नाही, आणि त्याच वेळी लोकहितबुद्धीने चालणाऱ्या खाजगी शाळांना मात्र त्याने नकळत नाउमेद केले. धोरण ठरविणे, सरकारी शाळा चालविणे, सर्व शाळांना परवाने देणे आणि त्यांचे मूल्यमापन करणे, ही सारी कामे एकाच खात्याने करण्यात हितसंबंधांची गल्लत होते. म्हणून किमान मानके ठरविणारे व त्यांवर देखरेख करणारे एक स्वतंत्र राज्य शाळा मानक प्राधिकरण असावे. सुरक्षितता, मूलभूत सुविधा, विद्यार्थी व शिक्षकसंख्या, आर्थिक सचोटी आणि कारभार या निवडक बाबींची माहिती शाळांनी स्वतः जाहीर करावी. आणि सरकारी व खाजगी शाळांना एकच माप लावावे, अशी ती योजना आहे.

यातील शेवटचे कलम मला सर्वांत मोलाचे वाटते. जिल्हा परिषदेच्या वाडीवरील शाळेचे छप्पर गळत असताना खाजगी शाळेला मैदानाच्या क्षेत्रफळाबद्दल नोटीस देणाऱ्या खात्याला नैतिक अधिकार उरत नाही. आणि उलट, सरकारी शाळा वाईट आहे एवढ्या भांडवलावर चाललेल्या खाजगी शाळेलाही आपली झाकली मूठ उघडावी लागेल. समर्थ विद्यालयाच्या अनुभवावरून मी जी मर्यादा मागितली, तीही या योजनेत बीजरूपाने आहे. कारण परवाना देणारा आणि पारख करणारा हे वेगळे झाले की दोघांचीही मनमानी कमी होते. अट एवढीच की, ते प्राधिकरण नावापुरते वेगळे असू नये. त्याच खात्याच्या एखाद्या उपसंस्थेला नवा फलक लावून, तीच माणसे, तेच वाहन आणि तीच वार्षिक गोपनीय अहवालांची साखळी कायम ठेवली, तर फरक फक्त पत्राच्या मथळ्यात पडेल.

मला भय वाटते ते स्वयंमूल्यमापनाच्या दिशेने चाललेल्या प्रवाहाचे. २०१६ पासून शाळा सिद्धीचा उपक्रम चालला, त्यात सात क्षेत्रे आणि शेहेचाळीस मानके होती. आता शाळा गुणवत्ता मूल्यांकन व आश्वासन आराखड्यात मानकांची संख्या १२८ झाली आहे. प्रत्येक मानकाखाली शाळेने आपला स्तर निवडावयाचा, पुरावा म्हणून छायाचित्र वा दस्तऐवज जोडावयाचा. आत्मपरीक्षण म्हणून याचे मूल्य मी नाकारीत नाही. प्रामाणिक मुख्याध्यापकाला त्यातून दिशाही सापडते. परंतु संगणकाच्या पडद्यावर एकशे अठ्ठावीस खुणा करणारी शाळा आणि मुलांना निर्भय ठेवणारी शाळा एकच आहे, असे समजणे धोक्याचे आहे. तक्रारपेटी भिंतीवर आहे याचे छायाचित्र निघते; ती मुलीच्या हाताला पोहोचेल इतक्या उंचीवर आहे काय, तिची किल्ली कोणाकडे आहे, आणि ती शेवटची केव्हा उघडली, हे छायाचित्रात येत नाही. शिक्षकांच्या पगारपत्रकावर सह्या दिसतात. किती रकमेवर सही घेतली आणि हातात किती पडले, हे त्या शिक्षिकेला एकटीला बसवून विश्वासाने विचारल्याशिवाय कळत नाही, आणि या विषयातील कुजबुज मी माझ्या शिक्षकी पेशात इतक्या वेळा ऐकली आहे की तिला केवळ कुजबुज म्हणण्यास मन धजत नाही. निवासी शाळेचा दिवस पाहून तिची रात्र समजत नाही. व्हॅन परवानाधारक आहे. तिच्यात मुले किती कोंबली, शेवटच्या थांब्यावर उरलेल्या एकट्या मुलीबरोबर कोण असते? तामिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला आग लागून ९४ बालके मृत्युमुखी पडली. त्या शाळेवरचे झावळ्यांचे छप्पर आणि तेथील अरुंद वाट ही कागदावर नव्हे, डोळ्यांनीच दिसणारी होती.

तपासणीचा अतिरेक काय करतो, याचेही उदाहरण डोळ्यांपुढे असू द्यावे. इंग्लंडात १८६२ च्या नियमावलीने परीक्षेच्या निकालावर अनुदान मोजण्यास आरंभ केला, तेव्हा स्वतः तीन दशकांहून अधिक काळ शाळा-निरीक्षक असलेले कवी मॅथ्यू आर्नल्ड यांनी त्या यांत्रिकतेला कडाडून विरोध केला. आणि हीच पद्धत आपल्याकडे आली तेव्हा फुल्यांनी ती नाकारली, हे आपण पाहिलेच. अलीकडे इंग्लंडातच संपूर्ण शाळेला एका शब्दात शेरा देण्याची प्रथा होती. रेडिंग गावच्या एका मुख्याध्यापिकेने अशा शेऱ्याच्या दडपणाखाली जानेवारी २०२३ मध्ये आपले जीवन संपविले. मृत्यूच्या चौकशीत तपासणीचा त्यात वाटा होता असा निष्कर्ष निघाला, आणि सप्टेंबर २०२४ पासून सरकारी शाळांपुरता तो एका शब्दाचा शेरा रद्द झाला. आपल्या प्राधिकरणाने श्रेणींच्या मोहात पडू नये. भातखाचराचा बांध पाणी अडवतो, पण जास्तीचे पाणी जाण्यास त्यात वाट ठेवावीच लागते, नाहीतर आवण कुजते. तसे नियमनातही लहान, प्रयोगशील, अल्पसाधन शाळेला श्वास घेण्यास जागा हवी. आगीपासून, छळापासून, अपघातापासून मुलाचे रक्षण याबाबत कोणालाही सवलत नसावी; परंतु किती एकर जमीन, किती लाखांची ठेव, प्रयोगशाळेच्या फरशीचा प्रकार कोणता, असल्या अटी जर सर्वांना सारख्याच लावल्या, तर भाई कोतवालांसारख्याची शाळा आज उभीच राहणार नाही आणि ज्याच्या पाठीशी भांडवल आहे त्याची मात्र निर्वेध राहील.

आणखी एक कसोटी आहे, जी मानकांच्या यादीत ठळकपणे दिसावयास हवी. शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेशस्तरावरील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखल्या. शासनाने ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या बंधनातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ रोजी ती अधिसूचना घटनाबाह्य ठरविली. हा निर्णय अत्यंत स्वागतार्ह आहे. परंतु कर्जत-खालापूरच्या कातकऱ्याला त्या जागेपर्यंत पोहोचविणारा रस्ता न्यायालय बांधू शकत नाही. दिवाळीनंतर तो कुटुंबासह वीटभट्टीवर जातो तो पावसाळ्याच्या तोंडावर परततो. ऑनलाइन अर्जाची मुदत, जातीचा दाखला, रहिवासाचा पुरावा, सोडतीचा संदेश, या सर्वांच्या काळात तो भट्टीवर असतो. शासनाकडून शाळांना मिळावयाची प्रतिपूर्तीची रक्कम थकते, म्हणून शाळाही त्या मुलाकडे ओझे म्हणून पाहू लागते. तपासनीसाने आल्यावर मुलांच्या एकूण संख्येपेक्षा आधी हे पाहावे की, पंचवीस टक्क्यांतील मुले वर्गात कोठे बसतात, सहलीला जातात काय, आणि पहिलीला आलेल्यांपैकी पाचवीला किती उरली.

अशा मुलांना शाळेत सामावून घेणे ही गोष्ट दयेची नव्हे. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर डोंगर कोसळला, तेव्हा त्या ठाकूरवाडीची काही मुले घरापासून दूर आश्रमशाळेत निवासाला होती, आणि म्हणून ती वाचली. निवासी शाळा हे त्या मुलांचे घर झाले. राज्यसंस्था आणि शाळाचालक, दोघांनीही हे जाणले पाहिजे की, या मुलखात शाळेचे छप्पर पुष्कळ वेळा मुलाच्या डोक्यावरचे एकमेव भक्कम छप्पर असते. मग ते सरकारचे असो, संस्थेचे असो की कंपनीचे, त्याखाली काय चालते हे पाहण्याचा समाजाचा अधिकार अबाधित आहे.

म्हणून नव्या व्यवस्थेचा जो मसुदा येईल, त्यात माझ्या मते पुढील गोष्टी असल्याच पाहिजेत. प्रत्येक शाळेला, बालवाडीसह, वर्षातून निदान एक भेट आगाऊ सूचनेविना व्हावी, आणि निवासी शाळेला ती रात्रीचीही व्हावी. तपासनीस हा शाळेला मंजुरी देणाऱ्या कचेरीचा नसावा, आणि त्याच्याकडे दुसरे कोणतेही काम नसावे. त्याने मुलांशी, शिक्षकांशी आणि शिपाई-मावश्यांशी संस्थाचालकांच्या अनुपस्थितीत बोलावे. त्याचा अहवाल सुबोध मराठीत, शेरा एका शब्दाचा नसून वर्णनाचा, महिन्याच्या आत शाळेच्या फाटकावर लागावा आणि ग्रामसभेत वाचला जावा. शाळेची कैफियतही त्याच्याशेजारी लागावी. प्रतिकूल अहवालाविरुद्ध दाद मागण्यास त्रयस्थ मंच असावा. फीच्या तक्रारीसाठी पंचवीस टक्के पालकांनी एकत्र यावे, ही फीच्या अधिनियमात मागाहून घातलेली अट काढावी. जेथे पालक एकमेकांना ओळखतही नाहीत, रोजंदारीवर जगतात आणि शाळेच्या रोषाला भितात, तेथे ती अट म्हणजे तक्रारीच्या दारावरचे कुलूप आहे. आणि या सर्वांआधी रिक्त पदे भरावीत. माणसांवाचून तपासणी होत नाही.

यासाठी पैसा लागेल, हे मी जाणतो. परंतु फुल्यांनी हंटर आयोगाला सांगितले होते की, ज्या रयतेच्या घामातून महसूल येतो तिच्या मुलांवर त्या महसुलाचा योग्य वाटा खर्च होत नाही. तो युक्तिवाद कर्जत-खालापूरच्या रयतेच्या वतीने पुन्हा करण्यात मला संकोच वाटत नाही. याच रयतेच्या डोंगरांतून आणि खाचरांतून महामार्ग गेले, विजेच्या वाहिन्या गेल्या, धरणे बांधली गेली.

श्रोतेहो, कायदा होईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. आपल्या पाल्याच्या शाळेचे ‘नमुना दोन’चे मान्यतापत्र पाहावयास मागा, शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीत कोण आहे आणि फीवाढ कोणत्या ठरावाने झाली ते विचारा, सखी सावित्री समितीची शेवटची बैठक केव्हा झाली ते विचारा, व्हॅनमधील बैठकांची आणि मुलांची संख्या स्वतः मोजा. शाळेने उत्तर दिले नाही तर २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाखाली साध्या कागदावर अर्ज करून त्या शाळेच्या मागील तपासणी अहवालाची नक्कल मागता येते. आणि तो अर्ज घेण्यास कर्जत व खालापूर या दोन्ही पंचायत समित्यांचे शिक्षण विभाग बांधलेले आहेत.